कार्ट्रिज बदलली, तरी शेवटचं गाणं फाटतंच

तक्रार साधारण अशी असते. रेकॉर्ड सुरू होते तेव्हा आवाज मोकळा, स्वच्छ. चौथ्या गाण्याच्या आसपास गायिकेचा 'स' आणि 'श' थुंकी उडाल्यासारखा यायला लागतो, झांजा खरखरतात आणि बाजूचं शेवटचं गाणं तर ऐकवत नाही. मग कुणीतरी सांगतं की टर्नटेबलबरोबर आलेली कार्ट्रिज, म्हणजे सुई जिला लावलेली असते ती छोटी डबी, कामचलाऊच असते, चांगली घ्या. ती घेतली जाते. आठवडाभर नव्याची नवलाई टिकते, आणि पुन्हा तोच 'स', त्याच जागी. यावर पुढचा सल्ला काय मिळतो, तर आणखी महाग कार्ट्रिज घ्या!

हे चक्र थांबवायचं असेल तर कार्ट्रिजची किंमत आणि ब्रँड थोडा वेळ बाजूला ठेवा. बाजूच्या शेवटी आवाज फाटण्यामागे बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात: कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे सुई रेकॉर्डवर धरणाऱ्या दांड्याच्या (टोनआर्मच्या) टोकाला, कशी बसवली आहे, आणि सुईच्या टोकाचा आकार कसा आहे. पहिली गोष्ट फुकटात दुरुस्त होते. दुसरीसाठी पैसे लागतात, पण वाटतात तितके नेहमीच नाही.

नेमकं शेवटीच का होतं

एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते, बाहेरच्या कडेलाही आणि लेबलजवळही. पण बाहेरची खाच केंद्रापासून सुमारे १४६ मिमीवर असते आणि आतली साधारण ६० मिमीवर. म्हणजे बाहेर सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेमी खाच सरकते, तर आत जेमतेम २१ सेमी. १० किलोहर्ट्झचा एखादा तीव्र स्वर घ्या. बाहेर त्याची एक लाट सुमारे ५१ मायक्रॉन लांबीत कोरलेली असते, आत तीच लाट २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. आता साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन. एवढं जाड टोक त्या बारीक वळणात शिरणार कसं? ते वळण कापत जातं, आणि तो कापलेला आवाज म्हणजे आपला फाटका 'स'. ४५ फेऱ्यांच्या बारा इंची रेकॉर्डवर ही तक्रार बरीच कमी ऐकू येते, कारण तिथे त्याच त्रिज्येवर खाच जास्त वेगाने धावते.

थोडक्यात, आतल्या खाचेत सगळ्यांचीच परीक्षा असते. बाहेर जी छोटी चूक खपून जाते ती आत उघडी पडते.

खरेदीआधीची तपासणी

सर्वात स्वस्त शंका आधी फेडून घ्या: धूळ. सुई खाचेतून जाताना तंतू गोळा करत जाते आणि बाजू संपेपर्यंत टोकाभोवती एक गोळा तयार होतो. तोही शेवटीच आवाज बिघडवतो, त्यामुळे लक्षण हुबेहूब सारखं दिसतं. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. सुई ब्रशने मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बुडाकडून हेडशेलच्या टोकाच्या दिशेने, साफ करा आणि थेट शेवटचं गाणं लावा. ते स्वच्छ वाजलं, पण पूर्ण बाजू वाजवल्यावर तेच गाणं फाटलं, तर दोषी धूळ आहे. रेकॉर्ड धुवा, कार्ट्रिज आहे ती राहू द्या. थेट लावूनही फाटलं तर पुढे चला.

दुसरी गोष्ट सुईचं वजन, म्हणजे सुई खाचेवर किती ग्रॅमने दाबते ते (ट्रॅकिंग फोर्स). काउंटरवेटवरच्या, म्हणजे आर्मच्या मागच्या टोकाला फिरणाऱ्या वजनावरच्या, आकड्यांवर विसंबू नका. आर्म आधी नीट तरंगता केला असेल तरच ते खरे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या, आणि मोजताना सुईचं टोक रेकॉर्डच्या पृष्ठभागाइतक्याच उंचीवर ठेवा. काट्याचा ट्रे पोलादी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. असाच त्रास काही ताकदवान चुंबकांच्या कार्ट्रिजना पोलादी प्लॅटरवरही (रेकॉर्ड जिच्यावर ठेवतो त्या फिरत्या थाळीवरही) होतो.

इथे एक गैरसमज चिवट आहे: वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते. हे खरं नाही. हलकी सुई जोरदार आवाजाला खाचेच्या भिंतीवरून उडते आणि परत आदळते, आणि ते आदळणं भिंतीला जास्त इजा करतं. कंपनीने १.८ ते २.२ ग्रॅम सांगितलं असेल तर मी २.० च्या खाली जाणार नाही. २.१ वर 'स' निवळतो का, तेही ऐकून पाहीन.

आता मुख्य संशयित: अलाइनमेंट, म्हणजे सुई खाचेशी कोणत्या कोनात बसते ते. रेकॉर्डची मूळ तबकडी कोरणारं यंत्र केंद्राकडे सरळ रेषेत सरकतं. आपला टोनआर्म मात्र एका खिळ्याभोवती फिरतो, म्हणून सुई कमानीत जाते. त्यामुळे संपूर्ण बाजूत फक्त दोन बिंदूंवर सुई खाचेला अचूक स्पर्शरेषेत असते, बाकी ठिकाणी थोडा कोन राहतोच. हे दोन बिंदू कुठे ठेवायचे याचं गणित लोफग्रेनने १९३८ मध्ये मांडलं, बेअरवाल्डने १९४१ मध्ये, आणि स्टीव्हनसनने १९६६ मध्ये वेगळा तोडगा दिला. कार्ट्रिज जुळवायच्या छापील आराखड्यावर, म्हणजे प्रोट्रॅक्टरवर, आजही हीच नावं दिसतात. बेअरवाल्डच्या मांडणीत ते बिंदू ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात, स्टीव्हनसनच्या मांडणीत ६०.३ आणि ११७.४ मिमीवर. स्टीव्हनसनने आतला बिंदू थेट खाचेच्या शेवटाजवळ नेला, म्हणजे शेवट निर्दोष, पण मधल्या भागात चूक किंचित जास्त. ज्यांच्याकडे शेवटाला पूर्ण ऑर्केस्ट्रा गर्जतो अशा रेकॉर्ड जास्त आहेत, त्यांनी स्टीव्हनसन वापरून पाहावा. बाकीच्यांनी बेअरवाल्डने सुरुवात करावी.

कार्ट्रिज बदलूनही तक्रार का टिकते, याचं सर्वांत सामान्य कारण इथेच आहे. स्क्रूच्या भोकांपासून सुईच्या टोकापर्यंतचं अंतर प्रत्येक कार्ट्रिजमध्ये वेगळं असतं. जुनी जिथे होती तिथेच नवी कसली, तर सुई दोन-तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे जाऊ शकते. या कामात दोन मिलिमीटर ही मोठी चूक आहे. त्यात फॅक्टरीतून जुळवून आलेली कार्ट्रिज काढताना मूळ अलाइनमेंट मोडते आणि नवी बसवताना ती कुणी पुन्हा करत नाही. महाग कार्ट्रिज मग स्वस्त कार्ट्रिजपेक्षाही वाईट वाजते, आणि शिव्या तिला पडतात.

प्रोट्रॅक्टर छापून घेत असाल तर प्रिंटरचं आपोआप लहान-मोठं करणं बंद ठेवा आणि छापलेल्या मोजपट्टीला खरी पट्टी लावून पाहा. ९७ टक्क्यांवर छापलेला प्रोट्रॅक्टर नसलेला बरा. अँटीस्केट (आर्मला हलकेच बाहेर ओढणारी सोय) शून्यावर आणा, प्लॅटर हलणार नाही असं बघा. सुई दोन्ही बिंदूंवर टेकवा आणि रेषांशी समांतर काय आहे ते पाहा: कार्ट्रिजचं खोकं नव्हे, तर सुई जिच्या टोकाला असते ती बारीक दांडी, कँटिलीव्हर. खोकं आणि दांडी नेहमी एका रेषेत असतातच असं नाही. आतल्या बिंदूवर जुळलं आणि बाहेरच्या बिंदूवर नाही, तर कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा, पुन्हा दोन्हीकडे बघा. स्क्रू कसताना कार्ट्रिज हमखास थोडी वळते, म्हणून दोन्ही बाजू आळीपाळीने पाव-पाव वळसा कसा आणि शेवटी परत तपासा. कार्ट्रिज सरकली की सुईचं वजनही बदलतं, तेही पुन्हा मोजा. पहिल्या वेळी हे कंटाळवाणं आणि डोळ्यांना ताण देणारं काम आहे, यात शंका नाही. भिंग आणि तिरका प्रकाश सोबत ठेवा.

एकाच बाजूचा स्पीकर फाटत असेल तर अँटीस्केट बघा. फिरणारी रेकॉर्ड आर्मला केंद्राकडे ओढते, त्यामुळे सुई आतल्या भिंतीवर दाबली जाते आणि बाहेरच्या भिंतीवरची पकड सुटते. बाहेरच्या भिंतीवर उजवा चॅनल असतो. म्हणून उजवीकडे आधी फाटत असेल तर अँटीस्केट वाढवा, डावीकडे फाटत असेल तर कमी करा. आधी दोन्ही स्पीकरच्या तारा बरोबर लागल्या आहेत ना, एवढं पाहून घ्या.

आर्मच्या उंचीबद्दल मात्र जेवढं लिहिलं जातं तेवढी काळजी करायची गरज नाही, असं माझं मत. रेकॉर्ड वाजताना आर्म साधारण आडवा असला की झालं. साधारण २३० मिमी लांबीच्या आर्मचं बूड एक मिलिमीटर वर केल्याने सुईचा कोन पाव अंशाने बदलतो. समोरून पाहताना कार्ट्रिज एका बाजूला झुकलेली नाही ना, हे त्याहून महत्त्वाचं. प्लॅटरवर छोटा आरसा ठेवला की झुकाव लगेच दिसतो.

शेवटची शंका रेकॉर्डवरच. झिजलेल्या सुईने वर्षानुवर्षं वाजवलेली खाच कायमची खराब झालेली असते. नवीन, कधीच न वाजवलेली रेकॉर्ड लावून बघा. ती शेवटपर्यंत चांगली वाजली तर तुमचं टर्नटेबल निर्दोष आहे. सुईला आयुष्य असतं हे विसरू नका. ऑडिओ-टेक्निका आपल्या सुयांसाठी गोल टोकाला ५०० तास, लंबगोलाला ३००, शिबाताला ८०० आणि मायक्रोलिनिअरला १००० तास असे अंदाज देते (टोकांचे हे आकार पुढे येतात). रोज एक-एक रेकॉर्ड ऐकणाऱ्याची लंबगोल सुई दीड वर्षाच्या आत तिथे पोहोचते.

आता खरेदी: टोकाचा आकार बघा

वरचं सगळं करूनही तक्रार उरली तर खुशाल अपग्रेड करा, पण ब्रँडच्या आधी सुईचा आकार निवडा.

गोल टोक सर्वांत साधं. लंबगोल टोकाची कडेची त्रिज्या साधारण ८ मायक्रॉन, म्हणजे ते बारीक वळणात जास्त शिरतं. त्यापुढची पायरी म्हणजे भिंतीला उभ्या रेषेत टेकणारी टोकं: शिबाता, फाइन लाइन, मायक्रोलिनिअर. शिबातात ही कडेची त्रिज्या साधारण ६-७ मायक्रॉन, मायक्रोलिनिअरमध्ये ३ च्या आसपास. शिबाता हा आकार जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी चार चॅनलच्या सीडी-४ रेकॉर्डसाठी घडवला. त्या रेकॉर्डमध्ये ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असायची आणि ती साध्या सुईला वाचताच येत नव्हती. चार चॅनलचा तो प्रकार मागे पडला, सुई मात्र टिकली. आतल्या खाचेत तिचा फायदा का होतो हे आता वेगळं सांगायला नको.

लंबगोल सुयांमध्येही दोन जाती. स्वस्त प्रकारात हिऱ्याचा कण धातूच्या काडीवर चिकटवलेला असतो, वरच्या प्रकारात अख्खी काडीच हिऱ्याची. दुसरी हलकी, म्हणून चपळ. पण आपली तक्रार आतल्या खाचेचीच असेल तर चिकटवलेल्या लंबगोलावरून अख्ख्या हिऱ्याच्या लंबगोलावर जाणं म्हणजे अर्धी पायरी. खर्च करायचाच असेल तर सरळ रेषेत टेकणाऱ्या टोकावर जा.

कधी कधी यासाठी नवी कार्ट्रिजही लागत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत खोकं तेच राहतं, सुई तेवढी ओढून काढायची आणि दुसरी सरकवायची. ज्यांच्याकडे व्हीएम९५ई आहे त्यांनी फक्त एमएल म्हणजे मायक्रोलिनिअर सुई घेतली की काम झालं. वजन तेच, २ ग्रॅम. ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेत रेडच्या खोक्यावर ब्लूची सुई बसते, पण ब्राँझ आणि ब्लॅकचं खोकं वेगळं आहे, त्यामुळे तिथे पूर्ण कार्ट्रिजच घ्यावी लागते. रेडवरून ब्लूवर गेल्यावर आवाज उजळतो, तपशील वाढतो. पण ब्लूही लंबगोलच आहे, हे 'स'साठी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

एक अट मात्र आहे. रेषेत टेकणारी सुई अलाइनमेंटची चूक माफ करत नाही. गोल टोकाला कोन थोडा चुकलेला कळत नाही, मायक्रोलिनिअरला लगेच कळतो. प्रोट्रॅक्टर हातात धरायचा नसेल तर अख्ख्या हिऱ्याची चांगली लंबगोल सुई घेऊन सुखी राहा. आणि गोल टोक म्हणजे टाकाऊ असंही नाही. डेनॉनची डीएल-१०३ ही १९६० च्या दशकात जपानच्या एनएचकेच्या प्रसारणासाठी घडवलेली कार्ट्रिज गोल टोकाचीच आहे, आणि तिच्या भरदार आवाजावर आजही लोक जीव टाकतात. फक्त ती या दुखण्यावरचं औषध नाही.

आर्मशी जमतं का

कार्ट्रिज आणि आर्म मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे डोलतात. हे डोलणं ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान हवं. त्याखाली गेलं तर वाकड्या रेकॉर्डची हालचाल त्याला चाळवते, फार वर गेलं तर संगीताचा खर्ज बिघडतो. हिशोब असा: आर्मचं प्रभावी वस्तुमान (हलताना जाणवणारं, कंपनी सांगते ते), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या कंप्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने, गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

उदाहरणार्थ १२ ग्रॅमचा आर्म, ६ ग्रॅमची कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि कंप्लायन्स २०. उत्तर सुमारे ८.२ हर्ट्झ, ठीक. तोच हिशोब १८ ग्रॅमच्या जड आर्मवर कंप्लायन्स ३० च्या मऊ कार्ट्रिजचा केला तर ५.८ येतं. अशी जोडी लावली की जरा वाकड्या रेकॉर्डवर स्पीकरचा पडदा आत-बाहेर हेलकावताना दिसतो, आणि सुईवरचा दाब सतत कमी-जास्त होत राहिल्याने 'स' कधी फाटतो, कधी नाही. कारण सापडत नाही असं वाटायला लावणारी ही जोडी. जपानी कंपन्या कंप्लायन्स बऱ्याचदा १०० हर्ट्झवर मोजून देतात. तो आकडा या सूत्रात तसाच घालू नका, आधी दीड ते दोनने गुणा. डीएल-१०३ चा ५ हा आकडा कागदावर भीतीदायक वाटतो तो याचमुळे.

सगळीकडेच 'स' टोचत असेल तर

पहिल्या गाण्यापासूनच 'स' धारदार असेल, शेवटी तेवढा जास्त नाही, तर तो वेगळा रोग आहे. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) कार्ट्रिजच्या वेटोळ्याचं इंडक्टन्स आणि तारांचं कपॅसिटन्स हे दोन विद्युत गुणधर्म मिळून वरच्या स्वरांत एक उंचवटा तयार करतात. इंडक्टन्स ०.५५ हेन्री आणि एकूण कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल तर उंचवटा १५ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, फारसा त्रास देत नाही. तेच ४०० पिकोफॅरड झालं तर तो १०.७ वर उतरतो, थेट 'स'च्या डोक्यावर. व्हीएम९५ ला १०० ते २०० पिकोफॅरड हवं असतं, २एम रेडला १५० ते ३००. यात आर्मच्या आतल्या तारा, बाहेरची केबल आणि प्रीअँपचं (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचं) स्वतःचं कपॅसिटन्स असं सगळं धरायचं. लांब केबल आणि प्रीअँपवरचा स्विच मोठ्या आकड्यावर, एवढं पुरेसं होतं. केबल आखूड करा, स्विच खाली आणा, मग ऐका.

मूव्हिंग कॉइलकडे (चुंबकाऐवजी वेटोळं हलणाऱ्या कार्ट्रिजकडे) जायचं डोक्यात असेल तर आधी प्रीअँपकडे बघा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज ५ मिलिव्होल्टच्या आसपास देते, कमी आउटपुटची मूव्हिंग कॉइल ०.३ च्या आसपास. हा फरक जवळपास २४ डेसिबलचा. साधारण ४० डेसिबल वाढवणारा प्रीअँप तिला पुरत नाही, ६० च्या घरातला लागतो. नाही तर आवाज वाढवत जाल आणि संगीताबरोबर सुस्कारा आणि गुणगुण ऐकाल. शिवाय बहुतेक मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही. सुई झिजली की अख्खी कार्ट्रिज बदलावी लागते किंवा पुन्हा सुई बसवून घ्यावी लागते. आतल्या खाचेच्या तक्रारीसाठी मूव्हिंग कॉइल घेणं मला तरी पटत नाही. तेवढ्या पैशात मूव्हिंग मॅग्नेटमधलं उत्तम टोक मिळतं.

बसवल्यावर एक चॅनल गायब असेल किंवा गुणगुण येत असेल तर हेडशेलच्या तारा बघा: पांढरी डाव्याची प्लस, निळी डाव्याची मायनस, लाल उजव्याची प्लस, हिरवी उजव्याची मायनस. त्या चिमट्याने लावताना सुईवर टोपी राहू द्या. वापरलेली कार्ट्रिज स्वस्तात मिळत असेल तर खोकं घ्या, सुई नवीनच लावा. टोक किती झिजलंय हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही, आणि विकणाऱ्याने सांगितलेले तास त्यालाच ठाऊक.

इतकं करूनही एखादीच रेकॉर्ड शेवटी फाटत राहिली, बाकी सगळ्या नीट वाजल्या, तर तिच्या शेवटच्या खाचा आणि लेबल यांतली मोकळी जागा बघा. एका बाजूवर पंचवीस-अठ्ठावीस मिनिटं कोंबली असतील तर खाचा लेबलला भिडलेल्या दिसतील. अशा रेकॉर्डसाठी सुई बदलण्यापेक्षा त्याच संगीताची दुसरी आवृत्ती शोधा, शक्यतो दोन तबकड्यांवर पसरलेली.